बर्नोली म्हणजे नक्की कोणता बर्नोली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये बर्नोली भेटतो. मग स्टॅटिस्टिक्समध्ये भेटतो. इंजिनिअरिंगला गेलं की डिफरन्शियल इक्वेशनमध्ये आणि बीमच्या धड्यात परत गाठ पडते. पदवी हातात पडेपर्यंत कित्येक जण हा एकच माणूस समजून चालतात, कारण पुस्तकंही नुसतं आडनाव छापून मोकळी होतात. मला हे मनापासून खटकतं. या घरातले लोक आयुष्यभर एकमेकांशी भांडले ते याच गोष्टीवरून, की कुठला शोध कुणाच्या नावावर. त्यांना एका आडनावात कोंबणं म्हणजे ज्याचं श्रेय त्याला न देणं. म्हणून विद्यार्थी आणि शिक्षक नेहमी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

बर्नोली हा एक माणूस होता की बरेच?

बरेच. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातलं हे घराणं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची शंभरेक वर्षं, तीन पिढ्यांत मिळून, आठ नावाजलेले गणिती या एका घरातून निघाले. पाठ्यपुस्तकात ज्यांची गाठ पडते ते मुख्यतः तिघे: याकोब (१६५५–१७०५), त्याचा धाकटा भाऊ योहान (१६६७–१७४८) आणि योहानचा मुलगा डॅनियल (१७००–१७८२). बासेल विद्यापीठातलं गणिताचं अध्यासन १६८७ मध्ये याकोबकडे आलं, १७०५ मध्ये योहानकडे गेलं आणि १७४८ पासून १७९० पर्यंत योहानच्याच, योहान याच नावाच्या मुलाकडे (दुसरा योहान) राहिलं. शंभर वर्षांहून जास्त काळ एक खुर्ची एकाच घरात! आणि ती वशिल्यावर टिकलेली नव्हती. त्या काळात त्यांच्या तोडीचे गणिती युरोपात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

फिजिक्समधलं ‘बर्नोलीचं तत्त्व’ कुणाचं?

डॅनियलचं. १७३८ मध्ये स्ट्रासबुर्गला छापलेल्या त्याच्या ‘हायड्रोडायनामिका’ या ग्रंथात ते आहे. डॅनियलचं औपचारिक शिक्षण वैद्यकाचं होतं, त्यामुळे नळीतून वाहणारा द्रव हा विषय त्याला गणित आणि वैद्यक अशा दोन्ही बाजूंनी जवळचा होता. पाणी वाहत असलेल्या नळीच्या भिंतीला बारीक भोक पाडायचं, तिथे काचेची उभी नळी बसवायची आणि तिच्यात पाणी किती चढतं ते पाहायचं, अशा रीतीने भिंतीवरचा दाब डोळ्यांना दिसतो. मुख्य नळीतला प्रवाह जोरात असेल तिथे उभ्या नळीतलं पाणी खाली असतं, संथ असेल तिथे वर.

आपण परीक्षेत जे समीकरण लिहितो, दाब, गतिज ऊर्जा आणि उंचीची पदं मिळवून बेरीज स्थिर, ते त्या रूपात डॅनियलने लिहिलेलं नाही. त्याला आजचं स्वच्छ रूप नंतर लेओनहार्ड ऑयलर या गणितीने दिलं. कल्पना मात्र डॅनियलची. आणि ती लावताना अटी विसरू नका: प्रवाह स्थिर हवा, द्रवाची घनता बदलता कामा नये, चिकटपणा नगण्य हवा आणि तुलना एकाच प्रवाहरेषेवरच्या दोन बिंदूंची हवी.

याच ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात आणखी एक मोठी गोष्ट दडली आहे. वायू म्हणजे सतत इकडेतिकडे धावणाऱ्या सूक्ष्म कणांचा समूह आणि वायूचा दाब म्हणजे त्या कणांच्या भांड्याच्या भिंतीवर होणाऱ्या धडका, असं डॅनियलने तिथे मांडलं आणि त्यावरून बॉइलचा नियम (तापमान तेच असेल तर दाब दुप्पट केल्यावर वायूचं आकारमान निम्मं होतं) काढून दाखवला. वायूंचा गत्यात्मक सिद्धांत एकोणिसाव्या शतकात उभा राहिला, पण त्याचं बीज शंभर वर्षं आधी या पानांवर पडलेलं होतं. शाळेत हे कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. माझ्या मते ते ‘तत्त्वा’पेक्षाही मोठं काम आहे.

विमान बर्नोलीच्या तत्त्वामुळे उडतं, हे खरं का?

पंखाच्या वर दाब कमी आणि खाली जास्त, हे बरोबर. वरची हवा जास्त वेगाने जाते, हेही बरोबर. चुकीचं आहे ते नेहमी दिलं जाणारं कारण: वरचा रस्ता लांबचा, आणि वरची व खालची हवा मागच्या टोकाला एकाच वेळी पोहोचायला हवी, म्हणून वरची पळते. एकाच वेळी पोहोचण्याचं कसलंही बंधन हवेवर नाही, प्रत्यक्षात वरची हवा आधीच पुढे निघून जाते. पंख हवेला खाली वळवतो, त्याची प्रतिक्रिया पंखाला वर ढकलते, आणि दाबातला फरक हे त्याच घटनेचं दुसऱ्या बाजूने केलेलं वर्णन आहे. डॅनियलला यात दोष नको. तो पाण्याबद्दल लिहीत होता.

बर्नोली चाचणी, बर्नोली वितरण, बर्नोली संख्या हे त्याच डॅनियलचं काम?

नाही. हे तिन्ही त्याच्या काकाचं, याकोबचं. यश किंवा अपयश असे दोनच निकाल असणारा प्रयोग म्हणजे बर्नोली चाचणी. त्यावरचा त्याचा ग्रंथ ‘आर्स कोंजेक्तांदी’, म्हणजे अंदाज बांधण्याची कला, तो गेल्यानंतर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये छापला गेला.

त्या ग्रंथाच्या चौथ्या भागात जे आहे त्यावर याकोबने वीस वर्षं विचार केला होता. प्रश्न साधा वाटतो. मडक्यात पांढरे आणि काळे खडे आहेत, प्रमाण आपल्याला माहीत नाही. एक खडा काढायचा, रंग टिपायचा, परत टाकायचा. असं पुष्कळदा केलं की खरं प्रमाण कळतं, हे कुणीही सांगेल. पण ‘पुष्कळदा’ म्हणजे किती? आणि ‘कळतं’ म्हणजे किती खात्रीने? याकोबने मडक्यात ३ पांढऱ्यांना २ काळे असं प्रमाण धरलं. आपल्या नोंदीतला पांढऱ्यांचा वाटा पन्नासात २९ ते ३१ यांच्यामध्ये असण्याची शक्यता, तो त्याबाहेर असण्यापेक्षा हजारपट हवी असेल तर किती वेळा खडा काढावा लागेल? त्याचं उत्तर: २५,५५० वेळा. आज याहून कितीतरी कमी वेळांत भागतं हे सिद्ध झालंय, पण अनिश्चिततेवर असा आकडा ठेवणारा पहिला माणूस याकोब. मतदानाचे अंदाज, औषधांच्या चाचण्या, विम्याचे हप्ते हे सगळं ज्या पायावर उभं आहे, तो हा मोठ्या संख्यांचा नियम.

बर्नोली संख्या कशासाठी लागतात?

१ ते शंभर या संख्यांची बेरीज आपण सूत्राने पटकन करतो. वर्गांची, घनांची सूत्रंही शाळेत येतात. पण दहाव्या घातांची बेरीज करायची असेल तर? याकोबला दिसलं की या सगळ्या सूत्रांत ठरावीक संख्यांची एक माळ पुन्हा पुन्हा येते: १/६, उणे १/३०, १/४२, उणे १/३०, ५/६६ अशी. ती एकदा हाती आली की कुठल्याही घाताचं सूत्र तयार होतं. १ पासून १००० पर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या दहाव्या घातांची बेरीज आपण पाव तासाच्या निम्म्याहून कमी वेळात केली, असं त्याने अभिमानाने लिहून ठेवलं आहे. उत्तर ३२ अंकी आहे: ९१४०९९२४२४१४२४२४३४२४२४१९२४२४२५००. कॉम्प्युटरवर पडताळून पाहा, एकही अंक चुकलेला नाही.

जपानमध्ये सेकी ताकाकाझू या गणितीलाही याच संख्या स्वतंत्रपणे सापडल्या होत्या आणि त्याचं काम १७१२ मध्ये, म्हणजे याकोबच्या ग्रंथाच्या एक वर्ष आधी छापलं गेलं. दोघेही तोवर हयात नव्हते. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने चार्ल्स बॅबेजच्या नियोजित गणकयंत्रासाठी गणनेची जी तपशीलवार कृती लिहिली, तीही याच संख्या काढण्याची. आणि श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध, १९११ सालचा, बर्नोली संख्यांच्या गुणधर्मांवरचाच. तो इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. या सोसायटीचं ग्रंथालय त्या काळात पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं आणि रँग्लर परांजपे त्याच्याशी जोडलेले होते.

e या संख्येशी बर्नोलीचा काय संबंध?

इथेही याकोबच. १६८३ च्या सुमारास तो चक्रवाढ व्याजाचा विचार करत होता. १ रुपया दरसाल शेकडा १०० ने लावला तर वर्षाअखेर २ रुपये होतात. व्याज सहामाही जोडलं तर २.२५. दरमहा जोडलं तर साधारण २.६१. दररोज जोडलं तर २.७१ च्या थोडं वर. मग दर क्षणाला जोडलं तर सावकाराचा रुपया वाढतच जाईल का? नाही. तो एका मर्यादेपाशी थांबतो, आणि ती मर्यादा म्हणजे २.७१८२८… ही संख्या. e हे अक्षर तिला पुढे ऑयलरने दिलं.

हे लोक मूळचे बासेलचेच का?

नाही. घराणं मूळचं आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पचं, धर्माने प्रोटेस्टंट. तिथे कॅथलिक स्पेनची सत्ता होती आणि प्रोटेस्टंटांचा छळ सुरू होता. म्हणून १५७० च्या सुमारास हे लोक फ्रँकफुर्टला गेले आणि १६२० च्या दशकात बासेलला स्थायिक झाले. धंदा मसाल्यांचा. याकोब आणि योहानचे वडील निकोलाउस याच पेढीवर बसत.

बासेल हे नाव कोकणात अगदीच परकं नाही. मंगलोरी कौलांचा कारखाना १८६५ मध्ये मंगळूरला काढला तो बासेल मिशनने, म्हणजे याच शहरातल्या संस्थेने.

घरात गणिताला प्रोत्साहन होतं का?

उलट. मुलांनी गणितात पडू नये असंच प्रत्येक बापाला वाटलं, आणि हे तीनदा घडलं. याकोबने धर्मशास्त्र शिकावं म्हणून वडिलांनी हट्ट धरला. त्याने ते पुरं केलं आणि स्वतःसाठी एक लॅटिन ब्रीदवाक्य निवडलं, त्याचा अर्थ ‘वडिलांच्या मर्जीविरुद्ध मी ताऱ्यांकडे बघतो’. योहानला पेढीवर बसवलं, तिथे त्याचं मन लागेना, मग वैद्यक शिकायला पाठवलं. तो गुपचूप थोरल्या भावाकडून गणित शिकला. पुढे हाच योहान बाप झाला तेव्हा त्याने डॅनियलला आधी व्यापारात आणि मग वैद्यकात ढकललं, कारण काय तर गणितात पैसा नाही! स्वतः ज्यातून गेलो तेच पोरावर लादायचं, हे आपल्याकडच्या घरांनाही चांगलंच ओळखीचं आहे.

याकोब आणि योहान भांडले कशावरून?

सुरुवात छान होती. जर्मन गणिती लायब्निट्झने १६८४ मध्ये कलनशास्त्रावरचा (कॅल्क्युलसवरचा) छोटा, दुर्बोध लेख छापला. युरोपात तो फारच थोड्यांना कळला आणि त्या थोड्यांत हे दोघे भाऊ होते. एकत्र बसून त्यांनी तो उलगडला. पण शिकवणारा थोरला आणि शिकणारा धाकटा यांची बरोबरी होऊ लागली तसं बिनसत गेलं. दोन टोकांना टांगलेल्या साखळीची वक्ररेषा कोणती, हा प्रश्न १६९० मध्ये याकोबने जाहीर केला. तो सुटला लायब्निट्झ, डच शास्त्रज्ञ हॉयगन्स आणि योहान यांना. धाकट्याने हे थोरल्याला कधी विसरू दिलं नाही.

मग जून १६९६ मध्ये योहानने जगातल्या गणितींना आव्हान दिलं. एक मणी वरच्या बिंदूपासून खालच्या, पण बाजूला असलेल्या बिंदूपर्यंत केवळ स्वतःच्या वजनाने घसरत जातो. कमीत कमी वेळात पोहोचण्यासाठी तार कशी वाकवावी? सरळ रेषा हे उत्तर नाही. उत्तर आहे चक्रज, म्हणजे धावत्या चाकाच्या कडेवरचा बिंदू हवेत जी कमान काढतो ती, उलटी धरलेली. मुदत संपत आली तेव्हा लायब्निट्झच्या सांगण्यावरून ती १६९७ च्या ईस्टरपर्यंत वाढवली. न्यूटन तेव्हा लंडनच्या टांकसाळीत नोकरीला होता. दमूनभागून घरी आला, प्रश्न हातात पडला आणि पहाटे चारपर्यंत त्याने तो सोडवला, अशी आठवण त्याच्या भाचीने सांगितली आहे. उत्तर निनावी छापलं गेलं. योहानने मात्र ओळखलं आणि म्हटलं की पंजावरून सिंह कळतो.

याकोबनेही उत्तर पाठवलं. योहानची पद्धत देखणी होती. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना जसा वाकतो तशी त्याने मण्याची वाट वाकवली, पण ती युक्ती या एका प्रश्नापुरती होती. याकोबची पद्धत किचकट आणि ओबडधोबड, पण तिच्यातून असे सगळे प्रश्न सोडवण्याचा मार्ग निघाला आणि पुढे चलनकलन (कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स) ही गणिताची एक अख्खी शाखा उभी राहिली. त्यानंतर भावांनी छापील लेखांतून एकमेकांवर जी आग पाखडली ती आजही वाचवत नाही. पुस्तकं बहुधा योहानची पद्धत देतात. मी याकोबला वरचढ मानतो.

१७०५ च्या ऑगस्टमध्ये योहान नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनची नोकरी सोडून कुटुंबासह बासेलला निघाला. वाटेतच त्याला कळलं की क्षयाने याकोब गेला. बासेलला पोहोचल्यावर त्याला भावाचीच खुर्ची मिळाली.

लोपिताल नियम बर्नोलीचा आहे, असं ऐकलं. खरं?

खरं, आणि तो योहानचा. ०/० अशा रूपात अडकलेली सीमा काढायची असेल तर अंश आणि छेद यांचं वेगवेगळं अवकलन करायचं, हा बारावीचा नियम. १६९१-९२ मध्ये योहान पॅरिसला मार्की द लोपिताल या श्रीमंत सरदाराला कलनशास्त्र शिकवत होता. मार्च १६९४ च्या पत्रात लोपितालने प्रस्ताव ठेवला: वर्षाला ३०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देतो, तुम्ही मी सांगेन त्या प्रश्नांवर काम करा, शोध मला कळवा आणि दुसऱ्या कुणाला सांगू नका. तरुण योहानला पैशाची गरज होती. त्याने मान्य केलं.

१६९६ मध्ये लोपितालचं कलनशास्त्रावरचं पुस्तक निघालं, या विषयावरचं पहिलं पाठ्यपुस्तक. प्रस्तावनेत बर्नोलींचे आभार होते, पण मोघम. १७०४ मध्ये लोपिताल वारल्यावर योहानने हक्क सांगायला सुरुवात केली, पण तोवर त्याची भांडखोर म्हणून ख्याती झाली होती. कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९२० च्या दशकात बासेलमध्ये त्याच्या जुन्या व्याख्यानांची प्रत सापडली आणि १९५५ मध्ये पत्रव्यवहार छापला गेला, तेव्हा कुठे सगळ्यांना पटलं. अडीचशे वर्षांनी! लोपिताल चोर नव्हता, त्याने ठरलेले पैसे मोजले होते आणि पुस्तक उत्तम लिहिलं होतं. पण नियम योहानचा, एवढं वर्गात सांगायला हवं.

आणि योहान-डॅनियल या बापलेकांचं काय झालं?

याहून वाईट. १७३४ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ग्रहांच्या कक्षांवरच्या स्पर्धेचं पारितोषिक बापलेकांना विभागून दिलं. मुलाला आपल्या बरोबरीने बसवलं हे योहानला सहन झालं नाही. त्याने डॅनियलला घराचा दरवाजा बंद केला असं सांगितलं जातं. ‘हायड्रोडायनामिका’ निघाली तेव्हा डॅनियलने मुखपृष्ठावर स्वतःच्या नावापुढे ‘योहानचा पुत्र’ असं छापून घेतलं होतं. वडिलांचं मन वळवायचा तो प्रयत्न असावा.

उपयोग झाला नाही. काही वर्षांत योहानचा त्याच विषयावरचा ग्रंथ ‘हायड्रॉलिका’ निघाला आणि त्यावर साल होतं १७३२, म्हणजे मुलाच्या पुस्तकाच्या सहा वर्षं आधीचं. डॅनियलने ऑयलरला लिहिलं की यातली तसूभर गोष्टही मी वडिलांकडून घेतलेली नाही, तरी दहा वर्षांच्या कष्टांचं फळ माझ्याकडून एका तासात हिरावलं गेलं. ‘हायड्रॉलिका’त योहानचं स्वतःचंही काम आहे, काही ठिकाणी मांडणी मुलापेक्षा नेटकी आहे. पण मागची तारीख टाकणं हे बापाला न शोभणारं काम होतं, हे स्पष्ट म्हणायला हवं. लोपितालने आपलं श्रेय घेतलं म्हणून आयुष्यभर कळवळणारा माणूस पोटच्या पोराशी असा वागला.

निकोलाउस बर्नोली किती होते?

इथे भले भले चकतात. मसाल्याच्या पेढीवर बसणारा निकोलाउस हा याकोब-योहानचा बाप. त्याच नावाचा त्याचा मधला मुलगा चित्रकार होता. चित्रकाराचा मुलगाही निकोलाउस (१६८७–१७५९). हा गणिती. काकाचं ‘आर्स कोंजेक्तांदी’ छापायला याचा हातभार लागला, आणि पदुआला ज्या अध्यासनावर पूर्वी गॅलिलिओ होता तिथे हा काही वर्षं प्राध्यापक होता. योहानचा थोरला मुलगाही निकोलाउस (१६९५–१७२६), डॅनियलचा लाडका भाऊ. दोघे भाऊ १७२५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नव्या अकादमीत एकत्र रुजू झाले आणि वर्षभरातच हा तिथे वारला.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आपल्याकडेही आहे, त्यामुळे हे समजायला जड जाऊ नये. संदर्भ देताना इतिहासकार पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे लावतात. सोबत जन्ममृत्यूची सालं लिहिली की घोळ होत नाही.

‘सेंट पीटर्सबर्ग विरोधाभास’ कोणत्या बर्नोलीचा?

दोघांचा. प्रश्न निकोलाउसने (१६८७ चा) १७१३ च्या एका पत्रात विचारला, उत्तर डॅनियलने १७३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीच्या प्रकाशनात दिलं. नाणं छापा पडेपर्यंत उडवायचं. पहिल्याच वेळी छापा आला तर १ रुपया, दुसऱ्या वेळी आला तर २, तिसऱ्या वेळी ४, असं दुप्पट होत जाणार. हा खेळ खेळायला तुम्ही किती रुपये द्याल? हिशोबाने सरासरी कमाई अनंत येते, पण शहाणा माणूस वीसेक रुपयांपुढे जात नाही.

डॅनियलचं म्हणणं असं की रुपयाची किंमत घेणाऱ्याच्या खिशावर ठरते. हजार रुपये मजुराला जेवढे मोठे, तेवढे पेढीवाल्याला नाहीत. म्हणून पैसा नाही, पैशाने मिळणारं समाधान मोजा, आणि ते संपत्ती वाढेल तसं हळूहळू वाढतं. अर्थशास्त्रातली उपयोगितेची कल्पना गणितात बांधली गेली ती इथे. जिनीव्हाच्या गाब्रिएल क्रामेरने जवळपास हेच दहा वर्षं आधी सुचवलं होतं, आणि डॅनियलने आपल्या लेखात त्याचं पत्र उद्धृत करून त्याला श्रेय दिलं. बापाच्या वागण्याशी हे ताडून बघा.

देवीच्या रोगावर बर्नोलीने काय काम केलं?

हाही डॅनियलच, १७६० साली. तेव्हा जेनरची लस यायची होती. देवीच्या रुग्णाच्या फोडातला पू निरोगी माणसाला मुद्दाम टोचायचा, म्हणजे सौम्य आजार होऊन पुढे संरक्षण मिळतं, अशी पद्धत होती. त्यात काही जण दगावतही. मग सर्वांना टोचावं की नाही? डॅनियलने मृत्यूंच्या नोंदी घेतल्या. ज्यांना देवी आलेल्या नाहीत अशा आठांतल्या एकाला दरवर्षी लागण होते आणि लागण झालेल्या आठांतला एक दगावतो असं धरून गणित मांडलं. देवी नाहीशा झाल्या तर सरासरी आयुर्मान २६ वर्षं ७ महिन्यांवरून २९ वर्षं ९ महिन्यांवर जाईल असं उत्तर आलं. साथीच्या रोगाचं हे पहिलं गणिती प्रारूप मानतात. कोविडच्या काळात आपण रोज जे आलेख बघत होतो, त्यांचा मूळपुरुष हा. जेनरच्या पद्धतीने देवी काढण्याची भारतातली सुरुवात १८०२ मध्ये मुंबईत, तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलपासून झाली. तोवर डॅनियलला जाऊन वीस वर्षं झाली होती.

ऑयलर त्यांच्या घरातला होता का?

नात्याने नाही, शिष्य म्हणून. ऑयलरचे वडील पाद्री होते आणि विद्यार्थी असताना याकोबच्या घरी राहिले होते. तेराव्या वर्षी विद्यापीठात आलेल्या ऑयलरला योहान शनिवारी दुपारी शंका विचारायला घरी बोलावत असे. भाऊ आणि मुलगा डोळ्यांत खुपणारा योहान या परक्या मुलाचं मात्र भरभरून कौतुक करत राहिला. पुढे डॅनियलच्या प्रयत्नांनी ऑयलरला सेंट पीटर्सबर्गला बोलावणं आलं.

घराण्याचा भारताशी थेट संबंध आहे का?

आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही. तिसरा योहान (१७४४–१८०७), डॅनियलचा पुतण्या, विशीच्या आतच बर्लिनच्या अकादमीत खगोलशास्त्रज्ञ झाला. गणितापेक्षा त्याचा जीव प्रवासवर्णनांत जास्त रमे. योसेफ टीफेनथालर हा टिरोलचा जेझुइट पाद्री १७४० च्या दशकात भारतात आला आणि हयातभर इथेच, मुख्यतः उत्तरेत, फिरला. गावं, नद्या, किल्ले यांच्या नोंदी त्याने ठेवल्या. त्या नोंदी संपादित करून १७८० च्या दशकात बर्लिनमध्ये छापल्या त्या या योहान बर्नोलीने, सोबत फ्रेंच प्राच्यविद्या-अभ्यासक आंकतील द्युपेराँ आणि इंग्रज नकाशाकार जेम्स रेनेल यांचं लेखन जोडून. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानावर काम करणारे अभ्यासक आजही हे खंड उघडतात.

गणिताबाहेर कुणी नाव काढलं का?

काढलं. गुस्ताव बर्नोली (१८३४–१८७८) हा डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ग्वातेमालात राहिला. तिकाल इथल्या माया मंदिरांतल्या कोरीव लाकडी पट्ट्या त्याच्यामार्फत बासेलच्या संग्रहालयात आल्या. हान्स बर्नोली (१८७६–१९५९) वास्तुविशारद, कामगारांसाठी बांधलेल्या घरांच्या वसाहतींमुळे प्रसिद्ध. आर्थिक सुधारणांबद्दलच्या उघड मतांपायी १९३८ मध्ये त्याची झुरिकच्या तंत्रविद्यापीठातली प्राध्यापकी गेली. मारिया बर्नोली (१८६८–१९६३) ही स्वित्झर्लंडमधल्या पहिल्या व्यावसायिक स्त्री छायाचित्रकारांपैकी एक, बासेलला तिचा स्टुडिओ होता. १९०४ मध्ये तिने लेखक हेर्मान हेसेशी लग्न केलं आणि बहुतेक ठिकाणी तिची ओळख ‘हेसेची पहिली बायको’ एवढीच दिली जाते.

आधीच्या पिढ्यांत एकाही स्त्रीचं नाव का नाही?

कारण बासेल विद्यापीठात मुलींना पहिल्यांदा प्रवेश मिळाला तो १८९० मध्ये. आठ गणितींच्या बहिणी-मुलींपैकी कुणात ती बुद्धी होती हे कळायला वावच नव्हता.

याकोबच्या थडग्यावरच्या चुकीची गोष्ट खरी आहे का?

हो. याकोबला लॉगरिथमिक सर्पिल फार प्रिय होतं. ते कितीही मोठं-छोटं केलं तरी आकार तोच राहतो. ‘बदलूनही मी तशीच पुन्हा उठते’ अशा अर्थाच्या लॅटिन ओळीसह ते थडग्यावर कोरावं अशी त्याची इच्छा होती. बासेलच्या कॅथीड्रलमध्ये तो दगड आजही बघायला मिळतो. ओळ बरोबर आहे, सर्पिल मात्र पाथरवटाने भलतंच कोरलं. त्यातले वेढे समान अंतरावर आहेत, म्हणजे ते आर्किमिडीजचं सर्पिल. याकोबच्या सर्पिलात दर वेढ्याला अंतर वाढत जायला हवं.

बीम थिअरीतला बर्नोली कोणता?

दोघे. वाकलेल्या पट्टीचा मूळ अभ्यास याकोबचा. ऑयलरला त्या प्रश्नाकडे नव्या पद्धतीने बघायला सुचवलं डॅनियलने. ‘बर्नोली डिफरन्शियल इक्वेशन’ मात्र एकट्या याकोबने १६९५ मध्ये मांडलं.

जेकब, जेम्स, जॅक ही वेगवेगळी माणसं का?

नाही. याकोबलाच इंग्रजी पुस्तकं जेम्स किंवा जेकब म्हणतात, फ्रेंच जॅक. योहानचा जॉन, जोहान किंवा ज्याँ होतो. मराठीत आडनावही बर्नोली, बर्नूली, बेर्नुली असं तिन्ही प्रकारे छापलेलं आढळतं. शोधताना तिन्ही टाकून बघा, आणि स्वतः लिहाल तेव्हा आडनावाआधी पहिलं नाव नक्की लिहा.